चेतातंतू भरकटला, पण दोष मायक्रोआरएनएचाच का? या चुका टाळा

मायक्रोआरएनए (प्रथिनांची निर्मिती आवरणारा इवलासा आरएनए) दाबला, वाढणारा चेतातंतू (चेतापेशीचा लांब धागा) भरकटला, म्हणजे वाट तोच दाखवत होता! हा निष्कर्ष घाईचा आहे. जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचा हा रेणू दिशा सांगत नाही. दिशा सांगतात नेट्रिन, स्लिट, सेमाफोरिन अशी बाहेरची प्रथिने. त्यांना तंतूच्या टोकाने, म्हणजे ग्रोथ कोनने, कधी आणि किती दाद द्यायची यावर मायक्रोआरएनएचा ताबा असतो, आणि तोही इतर प्रथिनांची निर्मिती दाबून.

त्यामुळे एकाच वयाचे भ्रूण तपासून मोकळे होऊ नका. झेनोपस बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे निघालेले तंतू सुरुवातीला सेमाफोरिन-३एकडे दुर्लक्षच करतात. त्याची जाण त्यांना पुढे येते. एमआयआर-१२४ हा मायक्रोआरएनए घटवला की ही जाण उशिरा येते. उशिरा, कायमची हरवत नाही! चुकीच्या टप्प्यावर पाहिलंत तर ‘प्रतिसादच नाही’ असं लिहून बसाल. किमान तीन टप्पे तरी पाहावेत, असं माझं मत.

याच उदाहरणात दुसरा सापळा आहे. एमआयआर-१२४ सेमाफोरिनच्या ग्राहीला, न्यूरोपिलिन-१ला, थेट हात लावत नाही. तो कोरेस्टला, म्हणजे जनुकं बंद ठेवणाऱ्या एका प्रथिनाला, आवरतो, आणि कोरेस्टचा अडसर हटला की ग्राही तयार होतो. म्हणजे न्यूरोपिलिनच्या संदेशवाहक आरएनएवर एमआयआर-१२४ची जागा शोधत बसणं व्यर्थ. त्याच तंतूंमधला एमआयआर-१८२ मात्र तंतूतच काम करतो: कोफिलिन-१ या प्रथिनाची निर्मिती दाबून ठेवतो आणि स्लिट-२ आलं की पकड सोडतो. गंमत म्हणजे तेव्हा तो नष्टही होत नाही. त्यामुळे फक्त त्याची पातळी मोजली तर काहीच घडलं नाही असं वाटेल.

तंतूत अमुक मायक्रोआरएनए सापडला, असा दावा करण्याआधी नमुना शुद्ध आहे का ते बघा. पेशीकाय (चेतापेशीचा मुख्य भाग) किंवा ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशींचा अंशही निकाल बिघडवतो. कप्पे केलेल्या पात्रात तंतू वेगळे वाढवा आणि एमएपी-२ (पेशीकायाची खूण), जीएफएपी (ग्लियाची खूण) यांचे आरएनए नमुन्यात नाहीत याची खात्री करा.

संगणकाने दिलेली लक्ष्यांची, म्हणजे मायक्रोआरएनए ज्यांना दाबत असावा अशा जनुकांची, यादी पुरावा नव्हे. ही यादी ‘सीड’च्या जुळणीवरून बनते. ‘सीड’ म्हणजे मायक्रोआरएनएचा दुसऱ्या ते आठव्या न्यूक्लिओटाइडपर्यंतचा तुकडा, आणि एवढी छोटी जुळणी शेकडो जनुकांत निघते. ल्युसिफरेज चाचणीत (प्रकाशाच्या तीव्रतेवरून जनुक किती दाबलं गेलं ते कळतं) जुळणीची जागा बदलून पाहा. जमल्यास प्रत्यक्ष पेशीत मायक्रोआरएनएला हात न लावता फक्त तीच जागा झाका; तेवढ्यानेही तंतू तसाच भरकटला, तर लक्ष्यावरचा तुमचा दावा खराच भक्कम.

डायसर, म्हणजे मायक्रोआरएनए घडवणारं विकर, काढून टाकण्याच्या प्रयोगावर फार विसंबू नका. त्याने जवळजवळ सगळेच मायक्रोआरएनए जातात, पेशीही मरू शकतात; मग वळण चुकलं ते कशामुळे, हे कळत नाही.

आणि लांबीला दिशा समजू नका. एमआयआर-९ मॅप-१बी या प्रथिनामार्फत तंतूच्या वाढीवर परिणाम करतो. आखूड राहिलेला तंतू मुक्कामापर्यंत पोचणार नाहीच. दिशेबद्दल बोलायचं असेल तर संकेत देणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण हळूहळू बदलत जातं तिथे टोक किती अंशांनी वळतं ते मोजा, आणि सोबत वाढीचा वेगही नोंदवा.