चार टायर टाकण्याआधी जुने चार बघा: एसयूव्हीवाल्यांनो, या चुका टाळा

"शेठ, चारही टायर टाकायचेत. कुठला चांगला?"

हायवेलगतच्या आमच्या दुकानात बहुतेक गाड्या याच वाक्यावर येऊन थांबतात. इंजिनसुद्धा बंद झालेलं नसतं. मी म्हणतो, आधी हे चार उतरवू, मग बोलू. लगेच कपाळाला आठी. मोबाइलवर भाव बघून झालेला असतो, घरची मंडळी मागे बसलेली असतात आणि जेवायला महाबळेश्वर गाठायचं असतं. पण कुठला टायर घ्यायचा याचं निम्मं उत्तर जुन्या टायरवरच असतं, आणि नेमकं तेच भंगारात फेकायची सगळ्यांना घाई. क्रेटा असो, ब्रेझा असो, नाहीतर इनोव्हा. गाड्या बदलतात, चुका त्याच.

उन्हाळा आला, हवा कमी करा

ही चूक ऐकली की माझं डोकं फिरतं. मार्च संपला की सुरू होतं. "ऊन फार आहे, दोन-चार पॉइंट (पीएसआय) कमीच ठेवा, नाहीतर हायवेला फुटेल." सांगणारा कोणीतरी मामा असतो किंवा ऑफिसातला सहकारी, आणि त्याच्यावर टायरवाल्यापेक्षा जास्त विश्वास.

टायर तापतो कशाने? उन्हाने थोडा, पण जास्त तापतो तो दुमडण्याने. लोखंडी तार हातात धरून पुढे-मागे वाकवत राहिलात तर वाकवल्या जागी चटका बसतो, तसंच हे. जमिनीला टेकताना टायरची भिंत दबते आणि पुढे सरळ होते. क्रेटाच्या १७ इंची टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या थोडा आत. म्हणजे ताशी १०० च्या वेगाला तो मिनिटाला साडेसातशेच्या वर वेळा दबतो आणि सरळ होतो. हवा कमी असेल तर दर वेळी जास्त दबतो, जास्त तापतो. वर गाडी भरून माणसं आणि सामान असेल तर विचारूच नका. टायर न फुटण्यासाठी हवा कमी करणारा माणूस टायर फुटायचीच तयारी करत असतो.

एका मे महिन्यात सात सीटची गाडी आली होती. नागपूरला लग्न, समृद्धीने जायचं, टपावर कॅरिअर, त्यावर बॅगा ताडपत्रीखाली बांधलेल्या. फक्त हवा "अठ्ठावीसवर आणून द्या" म्हणाले. दारावरच्या स्टिकरवर पूर्ण लोडला छत्तीस लिहिलेलं मी बोट ठेवून दाखवलं. थोरले बंधू म्हणाले, "आम्ही दर उन्हाळ्यात अठ्ठावीसच ठेवतो, कधी काही झालं नाही." मी हवेचा पाइप खाली ठेवला. कमी करून दिली नाही, तर ते पुढच्या पंपावर गेले आणि तिथून कमी करून घेतली.

आठवड्याने तीच गाडी परत. तक्रार काय, तर ऐंशीच्या पुढे मागून थरथरते, बॅलन्सिंग करून द्या. मागचा डावा टायर उतरवला. बाहेरून झकास, नक्षी सहा मिलिमीटर शिल्लक. फक्त भिंतीवर सगळीकडून गोल फिरलेली एक बारीक रेघ, नख लावलं तरच कळेल अशी. मशीनवर चढवून रिममधून सोडवला आणि उलटा केला, तर आतून ओंजळभर काळी भुकटी पडली. वाटलेल्या मिरीसारखी दिसत होती, पण ते रबर होतं. भिंतीचा आतला थर घासून निघाला होता आणि त्याखालचे धागे डोळ्यांना दिसत होते. मागचा उजवाही त्याच वाटेवर. लग्न लावून ही मंडळी त्याच दोन टायरांवर सुखरूप परत आली होती. वहिनींनी ती भुकटी बघितली आणि थोरल्या भावाकडे ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, कॉंक्रीटचा, कारला ताशी १२० ची मुभा. तिथे टायर फुटला की सगळे कॉंक्रीटला शिव्या घालतात. खरी गोष्ट अशी की साध्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा येतो, गाव लागतं, स्पीडब्रेकर येतो आणि कमी हवेच्या टायरला मधेमधे दम मिळतो. समृद्धीवर तासन्‌तास एकाच वेगात पळताना तो मिळत नाही.

माझी सवय सांगतो. स्वतःचा प्रेशर गेज डॅशबोर्डच्या खणात ठेवा, चांगल्यातला. सकाळी गाडी हलवायच्या आधी, थंड टायरला मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या. तिथे बहुतेक गाड्यांना कमी माणसांचा वेगळा आणि पूर्ण लोडचा वेगळा आकडा असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा आहे, भरायचा नव्हे. चालून चालून तेहतीसचे सदतीस झाले तर होऊ द्या. कंपनीने ते धरूनच स्टिकर लावलंय, त्यामुळे गरम टायरची हवा काढायची नाही. आणि नायट्रोजन भरलाय म्हणून महिनोन्‌महिने न बघणाऱ्यांसाठी एवढंच, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायर का खाल्ला हे न बघता नवे टाकणं

माझी दुसरी आवडती चूक. पाटणकडचे एक गृहस्थ दर पंधरा-सोळा हजार किलोमीटरला पुढचे दोन टायर बदलायचे. तीन कंपन्या करून झाल्या होत्या आणि तिन्हींना मनसोक्त शिव्या देऊन झाल्या होत्या. गाडी लिफ्टवर घेतली. दोन्ही टायर आतल्या कडेने असे खाल्लेले, की पोलादी तारा बाहेर. बाहेरची कड मात्र ठणठणीत. उभ्या गाडीला बाहेरून बघणाऱ्याला काही दिसतच नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, वाकून, मोबाइलची बॅटरी मारून आतली कड बघायची असते, पण पँट मळते ना!

"अलाइनमेंट तर दर वेळी केलंय," म्हणाले. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. केलं असेलच. पण लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश इतके सैल होते, की पहार लावली तर चाक पुढे-मागे हलत होतं. अशा गाडीचं अलाइनमेंट मशीनवर हिरवं दिसतं आणि पहिल्याच खड्ड्यात बिघडतं. बुश बदलले, मग अलाइनमेंट केलं, मग टायर टाकले. या क्रमाने. उलट क्रमाने केलं की पैसे दोनदा जातात.

जुना टायर वाचायचा कसा? दोन्ही कडा गेल्या आणि मधला पट्टा शाबूत, तर हवा कमी होती. मधलाच पट्टा गेला, तर जास्त. एकच कड गेली, तर चाकाचा कोन बिघडलाय. नक्षीवरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागलं आणि उलट दिशेने करवतीसारखं अडलं, तर टो, म्हणजे चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय. मधेमधे वाटीसारखे खड्डे पडले असतील, तर शॉकअप बघा, बेअरिंग बघा, बॅलन्सिंग बघा. अलाइनमेंटनंतर प्रिंट मागून घ्या, आधीची आणि नंतरची दोन्ही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना पुढे फक्त टोच सेट होतो. कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, लाल आला, तर मशीनवाला तो बदलू शकत नाही. काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, ते शोधावं लागतं. "जाऊ दे, थोडंच लाल आहे" म्हणणाऱ्याकडे गाडी नेऊ नका.

"एक साइज मोठा टाका, भारदस्त दिसतो"

दिसतो खरा. हिशेब करू. २१५/६० आर १७ या टायरची उंची साधारण ६९० मिलिमीटर. त्याजागी २३५/६० आर १७ टाकलात तर ७१४. म्हणजे साडेतीन टक्के वाढ. मीटर १०० दाखवेल तेव्हा चाक खरं तर आधीच्या १०३ च्या पुढे पळत असेल. पिकअप मरतो, ॲव्हरेज पडतो, वळणावर टायर फेंडरच्या अस्तराला घासतो, आणि वॉरंटीत काही काम निघालं की सर्व्हिस सेंटरवाला पहिलं बोट त्या टायरवर ठेवतो. तीन टक्क्यांच्या पुढचा बदल मी करून देत नाही. शेजारचा देईल, त्याला विचारा.

साइजच्या पुढचे अक्षर-आकडे तर कोणी वाचतच नाही. "९६ एच" मधला ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत वेग. स्वस्त मिळाला म्हणून ९१ चा घेतला तर भार ६१५ वर येतो. कुटुंब, सामान, गणपतीला कोकणात जाताना आजीने भरून दिलेल्या पिशव्या, हे सगळं त्या चार टायरांवरच आहे.

ऑल टेरेन टायरचं वेड वेगळंच. चिखलात, शेताच्या वाटेवर रोज जाणाऱ्याला जरूर घ्यावा. पण वर्षातून एकदा कासची फुलं बघायला जाणाऱ्याने जाड नक्षीचा टायर टाकायचा आणि वर्षभर सोसायटी ते ऑफिस घूं-घूं ऐकत जायचं, याला हौस म्हणतात. ओल्या डांबरावर तो साध्या हायवे टायरइतका लवकर सहसा थांबत नाही, हे कोणी सांगत नाही. कुंभार्ली, आंबोली, वरंधा उतरणाऱ्याने पावसातली पकड आधी विचारावी, किती हजार किलोमीटर चालेल ते नंतर.

आणि "इंपोर्टेडच हवा" म्हणणाऱ्यांसाठी: जून २०२० पासून टायरची आयात परवान्याच्या बंधनात आहे. आता परदेशी नावाचा टायरसुद्धा बहुधा इथलाच असतो. ब्रिजस्टोनचा एक कारखाना तर आपल्या चाकणला आहे. इथे बनला म्हणून टायर काही वाईट होत नाही.

दोनच नवे घेतले, तर पुढे टाकणं

यावर रोज वाद. "स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, मग नवे पुढेच." नाही. नवे मागे. पावसात पुढचे टायर घसरले, तर स्टिअरिंग हलकं लागतं, माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी बहुतेक वेळा सावरते. मागचे घसरले, तर गाडी गिरकी घेते आणि घरच्या ड्रायव्हरला ती सावरत नाही. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केलीत, तर चारही टायर एकत्र संपतात आणि वादच मिटतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला पुढचे सरळ मागे, मागचे फुलीने पुढे. भिंतीवर बाण असलेला टायर मात्र आपली बाजू सोडत नाही. चारही चाकांना सतत ताकद जाणारी गाडी असेल, तर दोन नवे-दोन जुने हा खेळच नको.

बाकीच्या, एकेका ओळीत

भिंतीवरचे चार आकडे न बघता टायर घेणं: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. ऑनलाइन मागवलेल्या चारांत दोन वेगळ्या वर्षांचे निघालेले मी बघितलेत.

नक्षी आहे म्हणून सात-आठ वर्षांचा टायर चालवणं: रबराला भेगा पडल्या असतील, तर नक्षीचं लोणचं घालायचंय का? पाचव्या वर्षानंतर दरवर्षी तपासा.

कायद्याच्या १.६ मिलिमीटरपर्यंत ताणणं: खाचेतल्या उंचवट्याशी नक्षी समपातळीत आली की टायर संपला. मी जूनच्या आधी तीनच्या खाली गेलेला टायर ठेवत नाही.

भिंतीचं पंक्चर काढून मागणं, किंवा भिंतीला फुगा आलेला असताना "गावापर्यंत जाऊ द्या" म्हणणं: आमच्याकडे होत नाही.

जुन्या टायरला खाचा कोरून "सेकंडहँड, कंडिशन एकदम मस्त": ज्याने विकला, त्याच्या गाडीला तो आहे का बघा.

विम्यावर विसंबणं: नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. सोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच, आणि तेही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत.

व्हॉल्व्ह जुनेच ठेवणं: हजारोंचा टायर घेऊन रबरी व्हॉल्व्हचे चिल्लर पैसे वाचवणारी माणसं आहेत.

स्टेपनीची हवा: गाडी घेतल्यापासून कोणी बघितलेली नसते. ती बाकी चाकांपेक्षा लहान असेल, तर ऐंशीच्या वर पळवायची नाही, तसं तिच्यावरच लिहिलेलं असतं.

नट गनने आवळून गाडी सोडणं: गनने इतके घट्ट बसतात, की रात्री रस्त्यात पंक्चर झालं तर घरच्या पान्ह्याने सुटत नाहीत. शेवटचा पीळ टॉर्क पान्ह्याने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या), हाताने, फुलीच्या क्रमाने मारून घ्या, आणि अलॉय असेल तर शंभरेक किलोमीटरनंतर कुठल्याही टायरवाल्याकडे पुन्हा तपासून घ्या. त्याचे कोणी पैसे घेत नाही.