पावसाळी जंगलासाठी बूट निवडताना

जंगलात घालण्याचे बूट घेताना बहुतेक जण दुकानदाराला सर्वांत आधी विचारतात, ते बूट वॉटरप्रूफ आहेत का. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्याही आधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: आपण जिथे जाणार आहोत तिथे बुटात पाणी शिरणार कोठून? दवाने भिजलेल्या गवतातून किंवा रिमझिम पावसात चालताना पाणी बाहेरून, म्हणजे कापडातून आणि शिवणींतून आत येते. जुलैमध्ये आंबोलीच्या किंवा कोयनेच्या जंगलात मात्र ते गुडघाभर ओढा ओलांडताना वरच्या तोंडातून येते, नाहीतर पोटरीवरून ओघळत मोज्यावाटे आत उतरते. पहिल्या प्रकारचे पाणी अडवणारा बूट दुसऱ्या प्रकारापुढे हतबल असतो, आणि एकदा आत आलेले पाणी तो बाहेरही जाऊ देत नाही. महागडे बूट घेऊनही पाय दिवसभर ओले राहिल्याची तक्रार पुष्कळदा ऐकू येते, तिचे मूळ बहुधा इथेच असते.

परदेशी कंपन्या ‘हंटिंग बूट’ या नावाने जो प्रकार विकतात, तो मुळात थंड प्रदेशातल्या शिकाऱ्यांसाठी घडला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली, त्यामुळे असे बूट इथे वापरतात ते वनरक्षक, वन्यजीवांचे अभ्यासक, पक्षीनिरीक्षक आणि डोंगरभटके. या बुटाच्या इतिहासातली एक गोष्ट आजच्या खरेदीतही उपयोगी पडते. अमेरिकेतल्या मेन राज्यातील लिऑन लिऑनवूड बीन यांनी १९१२ मध्ये खाली रबर आणि वर कातडे अशा रचनेचा शिकारी बूट विकायला काढला. पहिल्या १०० जोडांपैकी ९० परत आले, कारण कातडे रबरापासून सुटत होते. त्यांनी ग्राहकांचे पैसे परत केले आणि बूट सुधारला. बूट सर्वांत आधी निकामी होतो तो दोन वेगळे पदार्थ जिथे एकमेकांना चिकटवलेले असतात त्या रेषेवर, हे आजही तितकेच खरे आहे. म्हणून दुकानात जोड हातात आल्यावर रंग आणि नाव पाहण्याआधी, चवड्याच्या जागी बूट जोर देऊन वाकवावा आणि तळवा वरच्या भागापासून कोठे उकलतो का, डिंकाची रेघ कोठे फाटते का, हे चहूबाजूंनी तपासावे.

पाण्याचे तीन मार्ग, बुटांचे तीन प्रकार

पहिला प्रकार मेम्ब्रेनच्या बुटांचा. यात कापडाच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडू शकते. गोअर-टेक्स हे या पडद्यांपैकी सर्वांत परिचित नाव आहे. तथापि वाफ आपोआप बाहेर जात नाही. बुटाच्या आत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती बाहेर ढकलली जाते. हिमालयातल्या थंड, कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो आणि बूट उत्तम काम करतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ऐन पावसात हवाच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे हा फरक फार थोडा उरतो आणि पाय बाहेरच्या पाण्याने नव्हे तर स्वतःच्या घामाने भिजतात. शिवाय बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप वापराने झिजला की कापड पाणी पिऊन जड होते आणि उरलासुरला वाफेचा मार्गही बंद होतो. हा लेप बाजारात मिळणाऱ्या फवाऱ्याने पुन्हा देता येतो आणि दरवर्षी द्यावा. मेम्ब्रेनचा बूट घ्यायचाच असेल तर त्याची जीभ पाहावी. ती दोन्ही बाजूंनी बुटाला जिथपर्यंत शिवलेली असते तिथपर्यंतच तो बूट वॉटरप्रूफ असतो. घोट्यापर्यंत उंच दिसणारा बूट प्रत्यक्षात दोन-तीन बंदछिद्रांपर्यंतच पाणी अडवतो असे कित्येकदा आढळते. ‘वॉटर रेझिस्टंट’ असा शब्द खोक्यावर असेल तर तो बूट थोडा वेळ पाणी थोपवतो, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

दुसरा प्रकार पाणी न अडवणाऱ्या, पण झटकन बाहेर सोडणाऱ्या बुटांचा. उष्ण कटिबंधातल्या लढायांमध्ये अमेरिकी सैन्याला जो धडा मिळाला त्यातून ‘जंगल बूट’ तयार झाले: वरचा भाग कॅनव्हास आणि नायलॉनचा, आणि तळव्याच्या जरा वर आतल्या बाजूला पाणी बाहेर जाण्यासाठी दोन जाळीदार छिद्रे. दलदलीत पाय कोरडा ठेवणे अशक्य आहे हे मान्य करून, तो लवकर कसा निथळेल एवढाच विचार त्या रचनेत होता. आपल्या जुलै-ऑगस्टसाठी हाच विचार मला सर्वांत योग्य वाटतो. जाळीदार कापडाचे, आत जाड स्पंज नसलेले, हलके बूट ओढ्यातून बाहेर पडल्यावर थोडे चालताच बरेचसे निथळतात. मेम्ब्रेनचा बूट मात्र बादलीसारखा भरून राहतो.

तिसरा प्रकार गमबुटांचा. वनविभागाच्या कर्मचाऱ्यांपासून रात्री बेडूक पाहायला निघालेल्या अभ्यासकांपर्यंत अनेकांच्या पायात ते दिसतात, कारण ज्यांना लांबचा चढ चढायचा नसून चिखलात आणि डबक्यांत तासन्‌तास उभे राहायचे असते त्यांच्यासाठी याहून चांगले आणि स्वस्त दुसरे काही नाही. कोकणात भातखाचरांतून वाट जात असेल तर गमबुटाला आणखी एक मोठे कारण आहे. साचलेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरू शकतो. मात्र गमबुटात टाच सैल राहते, उतारावर पाय पुढे सरकतो, आणि स्वस्त पीव्हीसीचा तळवा शेवाळलेल्या कातळावर धोकादायकरीत्या घसरतो. गमबूट घालून गडकिल्ल्याच्या वाटेला जाऊ नये.

थोडक्यात निवड अशी करावी. ऐन पावसाळ्यात दिवसभराची पायपीट असेल तर निथळणारे बूट, चिखलात थांबून काम असेल तर गमबूट, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या दवासाठी, हिवाळ्यातल्या पहाटेसाठी किंवा हिमालयासाठी मेम्ब्रेनचे बूट. एकच जोड सर्व ऋतूंत चालवायचा असेल तर आपण वर्षातले अधिक दिवस कोठे फिरतो, यावर निर्णय घ्यावा.

तळवा आणि जमीन

तळव्याबाबत ‘ग्रिप चांगली आहे’ या दुकानातल्या वाक्यावर विसंबून राहू नये, कारण पकड ही बुटाइतकीच जमिनीवरही अवलंबून असते. मिलानचे गिर्यारोहक विताले ब्रमानी यांचे सहा साथीदार १९३५ मध्ये आल्प्समध्ये मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्यांनी १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळवा बाजारात आणला, तोच आजचा व्हायब्रॅम. खोल खाचा माती, गवत आणि बर्फ यांत रुततात. सह्याद्रीचा काळा बसाल्ट मात्र पावसात शेवाळाने गुळगुळीत होतो आणि तिथे रुतायला काहीच नसते. तिथे रबर किती मऊ आहे आणि त्याचा किती भाग दगडाला टेकतो यावर सारे अवलंबून असते. टणक रबर वर्षानुवर्षे टिकते पण ओल्या कातळावर फसवते. मऊ रबर धरून ठेवते पण लवकर झिजते. घाटवाटांवर जाणाऱ्याला मी तरी मऊ रबरच निवडायला सांगेन, कारण झिजलेला तळवा बदलता येतो. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर पृष्ठभाग खरखरीत असल्याने पकडीची चिंता कमी असते, पण तिथले धारदार कंगोरे पातळ तळव्यातून टोचतात, म्हणून तळवा जाड असावा. विदर्भातल्या काळ्या मातीत तिसरीच अडचण येते: खाचा जवळजवळ असतील तर माती त्यांत घट्ट बसते आणि काही पावलांतच बुटाखाली चिखलाचा जड थर चढतो. तिथे रुंद अंतराच्या खाचा हव्यात. दुकानात फरशी ओली करून तीवर उभे राहून पाहण्याची परवानगी मागावी. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. कोणताही तळवा घेतला तरी शेवाळावर पाय पूर्ण टेकवून, लहान पावलांनीच चालावे लागते.

माप

बूट चावतो तेव्हा लोक बुटाला दोष देतात, पण बहुतेक वेळा माप चुकलेले असते. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या वावरानंतर पाऊल किंचित सुजलेले असते आणि जंगलातल्या लांब चालीतही ते तसेच होणार असते. ज्या मोज्यांसह बूट वापरायचे तेच मोजे सोबत न्यावेत. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडे मोठे असते. माप मोठ्या पावलाचे घ्यावे. घरी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ मारावी, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे आणि ऑनलाइन खरेदीत तोच आकडा कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. आपल्याकडचा आकडा सामान्यतः ब्रिटिश पद्धतीचा असतो आणि पुरुषांच्या बुटांत अमेरिकी आकडा त्याहून सुमारे एकाने जास्त असतो, त्यामुळे नुसते ‘आठ नंबर’ म्हणून मागवलेला जोड हमखास घोटाळा करतो.

बंद न बांधता पाऊल पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट शिरावे. बंद बांधून चालताना टाच वर उचलली जाऊ नये आणि पुढे बोटांपाशी साधारण एक ते दीड सेंटिमीटर जागा राहावी. ही जागा उतारासाठी असते. दुकानात रॅम्प किंवा जिना असेल तर उतरून पाहावे. बोटे पुढे आपटत असतील तर तो जोड तिथेच ठेवावा, कारण एखाद्या लांब घाटवाटेच्या उतरणीनंतर अंगठ्याचे नख काळे पडते ते याच कारणाने. रुंदीकडे विशेष लक्ष द्यावे. ज्यांचे आयुष्य चपलांत किंवा अनवाणी गेले त्यांचा पंजा पुढे पसरलेला असतो आणि युरोपीय साच्याचे अरुंद बूट त्यांना करंगळीपाशी दाबतात. लांबी वाढवून रुंदी मिळवण्याचा मोह टाळावा, कारण मग टाच सैल होते आणि फोड येतात. त्याऐवजी रुंद साच्याचा जोड शोधावा. वजनाचाही विचार करावा, कारण पायातला भार पाठीवरच्या तेवढ्याच भारापेक्षा कितीतरी अधिक थकवतो.

मोजे सुती नसावेत. सूत पाणी धरून ठेवते, कातडी मऊ पडते आणि घर्षणाने फोड येतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे घ्यावेत आणि रात्रीसाठी एक कोरडा जोड पिशवीत बंद करून ठेवावा. पाय रात्रभर कोरडे राहिले तर चिखल्या होण्याची शक्यता बरीच कमी होते.

साप आणि जळवा

सर्पदंशांपैकी मोठा वाटा पावलावरच्या आणि पायावरच्या दंशांचा असतो, त्यामुळे जंगलात घोटा झाकणारा बूट घालणे केव्हाही शहाणपणाचे आहे. कोकणातले फुरसे लहान असते आणि पालापाचोळ्यात सहज दिसत नाही. अशा सापापासून उंच, जाड बूट बरेच संरक्षण देतो. पण कोणताही साधा बूट सर्पदंशरोधक समजू नये, घोणशीच्या बाबतीत तर मुळीच नाही. पावसाळी जंगलातला चापडा झुडपांच्या फांद्यांवर बसतो, म्हणून घसरताना फांदी धरणाऱ्या हाताचे रक्षण बूट करू शकत नाही. पाऊल टाकण्याआधी काठीने पाचोळा हलवणे आणि रात्री विजेरीशिवाय न चालणे हे बुटाइतकेच आवश्यक आहे.

जळवांना कोणताही बूट अडवत नाही. त्या बंदांच्या छिद्रांतून आणि मोज्याच्या विणीतूनही आत जातात. त्यांच्यासाठी घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्याखाली दोरीने आवळता येणारे लीच सॉक्स मिळतात. ते पँटवरून ओढून बुटाच्या आत घालावेत. बुटाचे माप घेताना तेही पायात असावेत.

पहिल्या पावसाआधी आणि नंतर

बूट जूनच्या तोंडावर न घेता एप्रिल-मे मध्ये घ्यावेत, म्हणजे ते पायाला सरावतात. पुणेकरांनी पर्वती किंवा वेताळ टेकडी, मुंबईकरांनी कान्हेरीची वाट अशा ओळखीच्या चढांवर ते आधी वापरावेत आणि जिथे चटका लागेल तिथे फोड येण्याआधीच चिकटपट्टी लावावी. मेम्ब्रेनच्या बुटांची परीक्षा घरीही होते: आत वर्तमानपत्राचे कोरडे कागद भरून बूट जिभेच्या शिवणीखालपर्यंत पाण्यात पंधरा मिनिटे ठेवावेत आणि कागद कोठे ओला झाला ते पाहावे.

परतल्यावर चिखल साध्या पाण्याने धुवावा, आतला सोल काढून वेगळा वाळवावा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून ते ओले होतील तसे बदलावेत. चुलीजवळ, हीटरसमोर किंवा कडक उन्हात बूट ठेवू नयेत. कातडे तडकते आणि डिंक सुटतो. कातडी बुटांना वाळल्यावर मेण चोळावे, नाहीतर कोकणातल्या हवेत त्यांवर बुरशी धरते.

सर्वांत जास्त फसवतात ते वर्षानुवर्षे माळ्यावर ठेवलेले बूट. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो आतून हळूहळू विघटित होतो, बूट एकदाही घातला नसला तरी. वरून जोड नवा दिसतो आणि डोंगरात पहिल्याच तासाभरात तळवा अखंड निघून येतो. असा जोड बाहेर काढल्यावर तळव्याचा मऊ थर अंगठ्याने जोरात दाबावा, बूट वाकवावा आणि घराभोवती तासभर चालावे. थर भुगा होऊन सुटत असेल किंवा त्यावर बारीक चिरा दिसत असतील तर डिंकाने चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण डिंक ज्याला धरून ठेवणार तो पदार्थच कुजलेला असतो. वरचा भाग चांगला असेल तर मोच्याकडून पूर्ण तळवा बदलून घ्यावा, आणि ते शक्य नसेल तर तो जोड डोंगरात नेऊ नये. लांबच्या वाटेवर पिशवीत थोडी मजबूत दोरी ठेवावी; तळवा सुटलाच तर तो बुटाला आवळून बांधून गावापर्यंत उतरता येते.