जुनी पाइपलाइन बदलताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या वस्त्यांतील घरांत भिंतीत पुरलेले जस्ती लोखंडी पाइप आतून गंजाने असे भरून आलेले असतात की, सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेले नर्मदेचे पाणी शेवटच्या दहा फुटांत अडते. अशा वेळी गळका तुकडा तेवढा बदलणे ही फसवी काटकसर आहे, कारण पान्याच्या हिसक्याने शेजारचे गंजलेले आटे तुटतात आणि भिंत पुन्हा फोडावी लागते. बदलायची तर टाकीपासून नळापर्यंत सगळीच लाइन बदलावी.

याहून वाईट चूक म्हणजे दाब न तपासता प्लॅस्टर करणे. परिचयातील एका घरी मिस्त्रीने मापासाठी सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिक पाइपाचे) तुकडे आधी कोरडेच जुळवले आणि पुढे सॉल्व्हंट, म्हणजे सांधे चिकटवायचे द्रव, लावताना न्हाणीघरातला एक एल्बो (वळणाचा जोड) राहून गेला. गच्चीवरच्या टाकीचा दाब जेमतेम पाव-अर्धा किलो (दर चौरस सेंटिमीटरला), त्यामुळे तो कोरडा सांधा काही महिने बिनबोभाट टिकला. दिवाळीआधी शॉवरसाठी प्रेशर पंप बसवला, सांधा निसटला आणि पलीकडच्या बैठकीच्या भिंतीचा ताजा रंग पोपडे धरून उतरला. नव्या टाइल फोडल्या तेव्हा पाइपाचे टोक कोरे करकरीत निघाले. सॉल्व्हंटचा पिवळा डागसुद्धा नव्हता.

यासाठी मी चिकटवलेल्या प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीने फुली मारून घेतो. मग लाइन एक दिवस वाळू द्यावी, आतली हवा काढावी, टेस्ट पंपाने 10 किलो दाब द्यावा आणि तासभरात काटा उतरतो का ते पाहावे. “संध्याकाळपर्यंत प्लॅस्टर उरकून टाकू” म्हणणाऱ्या मिस्त्रीला त्या दिवशी सुटी द्यावी. उघडी भिंत पाहून घरची मंडळी कुरकुरली, तर कुरकुरू द्यावे.

जुन्या घरांत अर्थिंगची तार पुष्कळदा पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. प्लॅस्टिकचा पाइप आला की ते अर्थिंग संपते आणि गिझर धोकादायक ठरू शकतो, म्हणून पाइप तोडण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे. यात कोणतीही सबब चालत नाही.

गरम पाण्याच्या लाइनला यूपीव्हीसी, म्हणजे थंड पाण्यासाठीचा प्लॅस्टिक पाइप, वापरू नये. पितळी आट्यांना टेफ्लॉन टेप पुरते. लोखंडी आट्यांवर लावायचे सूत आणि सफेदा लोखंडाबरोबरच निवृत्त करावेत. नवे नळ लावण्यापूर्वी उघड्या तोंडांतून पाणी भरपूर वाहू द्यावे, नाहीतर पाइपाचा कीस जाळीत अडकतो आणि दोष मात्र नव्या नळाला दिला जातो.