यानाची शेवटची पाठवणी घरबसल्या कशी पाहावी

निघताना आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. निवृत्त होणाऱ्या यानाला ती सोय नसते. १९ जुलै २०११ रोजी अटलांटिस हे स्पेस शटल आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापासून सुटलं, ते पुन्हा न येण्यासाठीच. आपल्याकडे तेव्हा दुपारचे ११ वाजून ५८ मिनिटं झाली होती. ऐन डबा उघडायच्या वेळेला तीस वर्षांचा शटल कार्यक्रम स्थानकाची पायरी उतरत होता.

अशा निरोपाचं थेट प्रक्षेपण नेटवर लावलं की बहुतेकांची गाडी पाचव्या मिनिटाला 'एवढंच?' वर येते. त्यांचंही चुकत नाही, कारण सुटण्याचा नेमका क्षण तसा सपकच असतो. बघण्यासारखं त्याच्या आधी आणि नंतर घडतं, आणि ते दोन-तीन दिवस चालतं. ते कसं गाठायचं ते सांगतो. उदाहरण मुख्यतः अटलांटिसचं घेतो, कारण त्याचं चित्रण नेटवर मोफत मिळतं. पुढच्या यानाची वेळ येईपर्यंत त्यावर हात बसवून घ्या.

घड्याळ आधी लावा

नासा वेळा देते त्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या. त्यात उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेदहा. तिथला 'उन्हाळा' मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो. जपानी वेळेतून साडेतीन तास वजा करायचे. यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दिली असेल तर सगळ्यात सोपं, साडेपाच तास मिळवा आणि मोकळे व्हा. तारखेकडेही लक्ष असू द्या. त्यांच्या मंगळवारी रात्री दहाला काही घडणार असेल, तर आपल्याकडे बुधवारची सकाळ उजाडलेली असते. वेळ वहीत लिहिताना शेजारी वारही लिहायची सवय लावून घ्या.

यान परत येणार की जळणार?

हे आधी ठरलेलं असतं आणि त्यावर तुमचा सगळा बेत अवलंबून असतो. शटल धावपट्टीवर उतरायचं. युरोपचं एटीव्ही आणि जपानचं एचटीव्ही, म्हणजे 'कोउनोतोरी', ही मालवाहू यानं मात्र परतण्यासाठी नव्हतीच. स्थानकावरचा कचरा भरून घ्यायचा आणि दक्षिण प्रशांत महासागरावर वातावरणात शिरून जळून जायचं, हाच त्यांचा शेवट. शेवटचं एटीव्ही फेब्रुवारी २०१५ मध्ये गेलं, नववं आणि शेवटचं कोउनोतोरी ऑगस्ट २०२० मध्ये. अशा यानांच्या बाबतीत स्थानकावरून निघणं हेच पडद्यावरचं शेवटचं दर्शन.

हॅच बंद होताना चुकवू नका

माझ्या मते सगळ्या कार्यक्रमात हाच भाग सर्वांत मोलाचा. अनडॉकिंगच्या, म्हणजे यान स्थानकापासून सुटण्याच्या, काही तास आधी, कधी आदल्या दिवशी, दोन्हीकडचे अंतराळवीर एकत्र जमतात, चार शब्द बोलतात, गळाभेटी होतात आणि मधलं दार लागतं. याचं प्रक्षेपण बहुधा वेगळं असतं, म्हणून वेळापत्रकात त्याची वेळ स्वतंत्र शोधा.

अटलांटिसच्या वेळी या प्रसंगी एक छोटा अमेरिकी झेंडा स्थानकावर ठेवला गेला. १९८१ मध्ये अगदी पहिल्या शटलबरोबर अंतराळात जाऊन आलेला तो झेंडा. अट अशी की, अमेरिकेच्या भूमीवरून पुढे जे पहिलं पथक येईल त्याने तो परत न्यायचा. नऊ वर्षं झेंडा तिथेच राहिला. २०२० मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या क्रू ड्रॅगन यानातून दोघे जण आले आणि झेंडा घेऊन गेले. त्यातले एक होते डग हर्ली, अटलांटिसच्या त्या शेवटच्या फेरीचे वैमानिक. यानाला 'येतो' म्हणता आलं नव्हतं, वैमानिकाने मात्र ते खरं करून दाखवलं.

दार लागल्यावर दोन दारांमधल्या जागेतली हवा काढतात आणि कुठे गळती नाही ना, हे तपासतात. यात बराच वेळ जातो आणि दिसत काहीच नाही. चहा टाका.

सुटण्याचा क्षण

प्रक्षेपण अर्धा तास आधी लावा. 'हूक्स ओपन' ऐकू आलं की यानाला धरून ठेवणारे आकडे सुटले असं समजा. शटलला पहिला धक्का स्प्रिंग द्यायच्या, काठावरून होडी लोटावी तसा हलकासा. जवळ असताना इंजिनांचा झोत स्थानकाच्या सौरपंखांवर जाऊ नये, म्हणून ही काळजी. त्यामुळे पडद्यावर यान हललं की नाही, तेही आधी कळत नाही. मागच्या एखाद्या खुणेवर नजर ठेवा, फट रुंदावताना दिसेल.

कान मात्र उघडे ठेवा. स्थानकावर जहाजासारखी एक घंटा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या यानांसाठी ती वाजवायची प्रथा आहे. अटलांटिस निघालं तेव्हा स्थानकावरचे अंतराळवीर रॉन गॅरन यांनी ती वाजवली.

कोउनोतोरीसारख्या यानाचं तंत्र वेगळं. त्याला स्थानकाचा यांत्रिक हात आधी दारापासून काढून बाहेर धरून ठेवतो आणि काही तासांनी सोडून देतो. बातमीत जी वेळ येते ती या सोडण्याची. हात यान काढत असतो तो भाग संथ आहे, पण मला फार आवडतो. देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी इतक्या बेताने ते काम चालतं.

मध्येच पडदा निळा झाला तर नेटला शिव्या देऊ नका. संदेशवाहक उपग्रहाशी दुवा तुटला की असं होतं. बहुतेक वेळा थोड्या वेळात चित्र परत येतं.

प्रदक्षिणा

शटल सुटल्यावर लगेच निघून जात नसे. स्थानकाभोवती फिरून छायाचित्रं काढत असे. अटलांटिसने मात्र शेवटच्या वेळी शंकराच्या देवळातल्यासारखी अर्धीच प्रदक्षिणा घातली. कारण अर्थात सोमसूत्राचं नव्हतं. स्थानकच ९० अंशांत वळवलं होतं, म्हणजे एरवी शटलमधून न दिसणाऱ्या बाजू कॅमेऱ्यात याव्यात. रेकॉर्डिंग बघताना हा भाग पुढे ढकलू नका.

सध्याची यानं बहुधा सरळ दूर जातात. निवेदनात 'कीप-आउट स्फिअर' असे शब्द येतात. स्थानकाभोवतीचं २०० मीटर त्रिज्येचं हे सोवळं आहे. यान त्याबाहेर पडलं की नियंत्रण कक्षातल्या आवाजातला ताण कमी झालेला स्पष्ट कळतो.

आता गच्चीवर जा

स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंश कललेली आहे, त्यामुळे ते मुंबई-नागपूरवरूनच काय, लंडन-न्यूयॉर्कवरूनही जातं. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधीच्या तास-दीड तासात ते शुक्रासारखं तेजस्वी दिसतं आणि पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतं. दुर्बीण नको. यान सुटून एक-दोन दिवसच झाले असतील, तर याच वाटेवर दोन ठिपके दिसू शकतात, एक ठळक आणि एक मंद.

कुठला पुढे? कक्षा जितकी खालची, तितकी फेरी लवकर पुरी होते. म्हणून खाली उतरलेलं यान पुढे पुढे सरकत जातं. स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर. म्हणजे दोघांत ४६० किलोमीटरचं अंतर असेल, तर दुसरा ठिपका पहिल्याच्या मिनिटभर मागे येईल. स्थानकाच्या वेळेआधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा.

स्थानकाच्या वेळा नासाच्या 'स्पॉट द स्टेशन'वर मिळतात. यानाची वेगळी वेळ 'हेवन्स अबव्ह'सारख्या ठिकाणी बघा, आणि ती त्याच दिवशी काढा. यानाने इंजिन एकदा पेटवलं की कालचं गणित रद्दी होतं. एकदा आदल्या रात्री उतरवून ठेवलेल्या वेळेवर विसंबून मी रिकाम्या आकाशाकडे मान मोडेपर्यंत पाहत बसलो होतो, आणि ठिपका आधीच येऊन गेला होता.

राहता राहिला पाऊस. अटलांटिसची पाठवणी जुलैत झाली, कोउनोतोरीची ऑगस्टमध्ये. शुभांशू शुक्ला यांना घेऊन 'ग्रेस' हे ड्रॅगन निघालं तेही १४ जुलै २०२५ ला, आपल्या पावणेपाच वाजता. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर गच्चीचा हट्ट सोडा. परदेशात राहणाऱ्या भावाबहिणीला फोन करून त्यांच्या गावावरची वेळ कळवा आणि त्यांना बाहेर पिटाळा.

उतरताना

परतणारं यान वेग कमी करण्यासाठी इंजिन उलट दिशेने पेटवतं, त्याला 'डीऑर्बिट बर्न' म्हणतात. तो झाला की पुन्हा कक्षेत जायचा रस्ता नाही. अटलांटिसचा बर्न २१ जुलैला आपल्या दुपारी सव्वादोनच्या सुमारास झाला आणि ३ वाजून २७ मिनिटांनी ते फ्लोरिडाच्या धावपट्टीवर टेकलं. तिथे अजून उजाडायचं होतं. रेकॉर्डिंगला हेडफोन लावून बसा, उतरण्याआधी शटलचे एकापाठोपाठ दोन सोनिक बूम, म्हणजे आवाजापेक्षा जास्त वेगामुळे होणारे धमाके, होत असत. वातावरणात शिरणाऱ्या अटलांटिसच्या तप्त रेघेचं स्थानकावरून काढलेलं छायाचित्रही जरूर शोधा. ज्यांनी निरोप दिला, त्यांनीच वरून त्याला घरी पोचताना पाहिलं.

भेटायला जायचं असेल तर

जळून गेलेल्या यानांच्या बाबतीत हा प्रश्नच उरत नाही. अटलांटिस मात्र फ्लोरिडात केनेडी स्पेस सेंटरच्या पर्यटक संकुलात आहे. धावपट्टीवर असतं तसं चाकांवर उभं नाही, ४३.२१ अंशांत कललेलं, मालकक्षाची दारं उघडी, स्थानकापासून नुकतंच सुटल्यासारखं.