मॅप जुना, पाय नवे: शूटरचा मॅप घड्याळ लावून कसा तपासायचा

सांगलीतल्या ज्या सायबर कॅफेच्या काउंटरवर मी दोन वर्षं बसलो, तिथे तासाला 15 रुपयांत काउंटर-स्ट्राइक 1.6 हा शूटर, म्हणजे बंदुकांचा गेम, खेळायला मिळायचा. त्यात टेररिस्ट बॉम्ब लावतात आणि सीटी, म्हणजे काउंटर-टेररिस्ट, त्यांना रोखतात. संध्याकाळी दहाही मशिनी भरल्या की पहिलं भांडण बाजूवरून. "आम्ही सीटी घेणार!" मॅप, म्हणजे लढायचं मैदान, न्यूक नावाचा असला तर हमखास, कारण तिथे टेररिस्ट वाट्याला आले की पोरांचे चेहरे खेळायच्या आधीच पडायचे. पुढे कॉलेजच्या लॅन स्पर्धांसाठी (एकाच जागी मशिनी जोडून खेळतात त्या) मॅप निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि 'हा मॅप सीटीचा आहे' असं नुसतं म्हणण्यापेक्षा ते मोजून बघायची सवय लागली. गेमचा नवा भाग आला की जुन्याच नावाचा मॅपही मी पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

रिकामा सर्व्हर उघडा, बॉट, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो ते खेळाडू, काढून टाका, हातात चाकू घ्या. स्टॉपवॉच स्वतः दाबू नका. एका हाताने पळायचं आणि दुसऱ्याने बटण दाबायचं, असं मी महिनाभर केलं आणि सगळे आकडे भंगार निघाले. स्क्रीन रेकॉर्ड करा आणि सेकंद नंतर व्हिडिओवरून काढा. प्रत्येक बाजूला स्पॉनच्या, म्हणजे राउंड सुरू होताना खेळाडू जिथे उभे असतात त्या, जागा अनेक असतात. त्यातल्या सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या, दोन्ही जागांवरून पळा. या दोघींत जेवढा फरक, तेवढा त्या मॅपवर नशिबाचा वाटा.

चाकू अशासाठी, की काउंटर-स्ट्राइकमध्ये हातातल्या वस्तूवर पायाचा वेग ठरतो. चाकू घेऊन सेकंदाला 250 युनिट (गेममधलं अंतराचं माप). एके-47 घेऊन 1.6 मध्ये 221, नंतर आलेल्या सीएस:गो या भागात 215. एडब्ल्यूपी स्नायपर घेऊन 1.6 मध्ये 210, गोमध्ये 200. आता 2000 युनिटांची एक गल्ली धरा. चाकूवाला 8 सेकंदांत पोचतो. एडब्ल्यूपीवाला 1.6 मध्ये साडेनऊ सेकंदांत पोचायचा, गोमध्ये त्याला 10 लागतात. एक वीटही न हलवता अर्धा सेकंद गेला. म्हणून तर सगळे चाकू काढून पळतात आणि कोपऱ्यावर आल्यावर बंदूक हातात घेतात. ती बंदूक वर यायला लागणारा वेळही वहीत लिहा, तो विसरला की हिशोब चुकतो.

मग दोन्ही बाजू कुठे भिडतात ती जागा शोधा आणि तिथे आधी कोण पोचतं ते बघा. काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता पळता मारलेल्या गोळ्या भलतीकडेच जातात. थांबायला उलटी की टिचकावी लागते, म्हणजे डावीकडे पळत असाल तर क्षणभर उजवी. त्यामुळे अर्धा सेकंद आधी पोचलेला माणूस नेम लावून उभा असतो आणि दुसरा त्याच्या नेमात धावत येतो. डस्ट टू या मॅपवर टेररिस्टांच्या स्पॉनमधून मिडच्या, म्हणजे मधल्या वाटेच्या, दारांच्या फटीत थेट दिसायचं. राउंड सुरू होताच मिड ओलांडणारा सीटी तिथेच आडवा. आमच्या कॅफेत त्या फटीत मेलेल्याने पुढच्या चहाचे पैसे द्यायचे, असा नियमच होता. 2021 मध्ये ती नजर बहुतेक अडवली गेली.

उलटही होतं. मार्च 2015 मध्ये सीएस:गोमध्ये स्कोप लावलेल्या एडब्ल्यूपीचा चालण्याचा वेग 150 वरून 100 झाला. सगळे मॅप होते तसेच राहिले, पण कोपऱ्यातून डोकावून, मारून परत आत सरकणाऱ्याचे दिवस संपले.

दुसऱ्या गेमला हीच फूटपट्टी लावण्याआधी एक बघा: पळताना नेम बिघडतो का? हेलो या दुसऱ्या शूटरमध्ये चालताना गोळ्या फाकत नाहीत. तिथे आधी पोचण्यापेक्षा उंच जागा आणि तगडी बंदूक कोणाच्या हाती लागते, ते जास्त मोजावं लागतं. तिथलंच उदाहरण घ्या. हेलो 2 मधला (2004) मिडशिप हा मॅप हेलो 3 मध्ये (2007) हेरेटिक म्हणून आला आणि हेलो 5 मध्ये (2015) ट्रूथ म्हणून. पहिल्या दोघांत स्प्रिंट, म्हणजे जोरात धावायची सोय, नव्हता, तिसऱ्यात आला, शिवाय कड धरून वर चढताही यायला लागलं. स्प्रिंट आला की मार खाणारा पळून जातो. तो सहज निसटू नये म्हणून अंतरं वाढवावी लागतात, अंतरं वाढली की चालणं कंटाळवाणं होतं, मग सगळेच स्प्रिंट करतात, आणि स्प्रिंट करताना बंदूक खाली. हेलो 5 मध्ये तर पळत असेपर्यंत शील्ड, म्हणजे अंगावरचं कवच, भरत नाही असा नियम घालावा लागला. माझं मत विचाराल तर हा धंदा तोट्याचा: घरात जिना घातला आणि मग जिन्याला कुलूप लावलं.

बॉम्बच्या मॅपवर परतीचा रस्ताही मोजा. एका साइटवरून (बॉम्ब लावायची जागा) दुसऱ्या साइटवर सीटी किती वेळात जातो? बॉम्ब निकामी करायला किट नसेल तर 10 सेकंद, असेल तर 5. 1.6 च्या स्पर्धांत बॉम्ब 35 सेकंदांत फुटायचा, आता 40. म्हणजे किट नसलेल्याला पूर्वी 25 सेकंदांत पोचून हात घालावा लागायचा, आता 30 मिळतात. न्यूकवर दोन्ही साइट एकावर एक आहेत, त्यामुळे सीटीची ये-जा मुळातच आखूड. 2016 मध्ये मॅप नव्याने आला तेव्हा बाहेरच्या अंगणात टेररिस्टांसाठी एक उंच कॅटवॉक, म्हणजे अरुंद पूलवाट, दिला. म्हणजे दुखणं सीटीच्या रस्त्याचं आणि औषध दिलं टेररिस्टांच्या रस्त्याला. मला ते पटतं.

एवढं झालं की मॅप मोडायला बसा. तीन मित्र घ्या, एकमेकांच्या डोक्यावर चढा, प्रत्येक कठड्यावर उडी मारा. हे काम चेष्टेवारी नेऊ नका. 2014 च्या ड्रीमहॅक विंटर स्पर्धेत ओव्हरपास या मॅपवर फनॅटिक संघ एलडीएलसीविरुद्ध 3–12 ने मागे होता. त्यांनी एकावर एक चढून अशी जागा गाठली, की जिथून जवळजवळ अर्धा मॅप दिसत होता. सामना 16–13 ने फिरवला, तक्रार झाली, शेवटी फनॅटिकने माघार घेतली आणि एलडीएलसी स्पर्धाच जिंकून गेले. मॅप तपासणाऱ्याला न दिसलेला एक कठडा एवढा महागात पडतो.

"अर्ध्यात बाजू बदलतातच ना, मग काय बिघडलं?" हा प्रश्न मला दरवेळी ऐकावा लागतो. पूर्वी अर्ध्यात 15 राउंड असायचे, आताच्या सीएस 2 मध्ये 12, आणि 13 राउंड जिंकले की खेळ खलास. अवघड बाजूने सुरुवात करणाऱ्याकडे सावरायला जागा कमी उरली. म्हणून चाचणीचे सामने खेळवताना कोण जिंकलं ते लिहू नका, कोणत्या बाजूने किती राउंड घेतले एवढंच लिहा. 7–5 चालतं. संघ कोणताही असो, दर अर्ध्यात एकच बाजू 9 घेत असेल तर दुरुस्तीला लागा.

दुरुस्ती करताना आधी भिंतींना हात लावू नका. स्पॉन चार पावलं मागे घ्या किंवा कोपऱ्यात एक खोका ठेवा, आणि दोन्ही बाजूंचे सगळे आकडे पुन्हा घ्या. एका लॅनच्या वेळी मी फक्त सीटीचा स्पॉन हलवला आणि फक्त सीटीच मोजले. फायनलच्या आदल्या रात्री दोन वाजता कळलं, की आता टेररिस्ट लाँगवर, म्हणजे लांबच्या गल्लीत, आधी पोचतायत. मग पहाटेपर्यंत रिकाम्या सर्व्हरवर चाकू घेऊन एकटाच पळत होतो.