म्यूल डिअर की व्हाइटटेल? परराज्यात शिकारीला जाण्याआधी या चुका टाळा

दर मार्चमध्ये ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "दादा, म्यूल डिअर करू की व्हाइटटेल?" अमेरिकेत शिकार होणाऱ्या हरणांच्या या दोन जाती. जरा खोदून विचारलं की कळतं, अर्ज केव्हाच भरलाय, पैसेही गेलेत आणि टॅगवर, म्हणजे कुठलं हरीण मारता येईल ते सांगणाऱ्या परवान्याच्या चिठ्ठीवर, नेमकं काय लिहिलेलं असेल ते वाचलेलंच नाही. मी ओहायोत राहतो. व्हाइटटेलवर हात बसला आणि मग पश्चिमेकडे जायला लागलो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीची वाट बंद होत गेली, त्यामुळे हे शिकवायला आपल्या घरात काका-मामा नाहीत. म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

टॅग न वाचणं

ही चूक बघून मला खरोखर त्रास होतो. साउथ डकोटाच्या पश्चिम भागात 'एनी डिअर' (दोन्हींपैकी कुठलंही) आणि 'एनी व्हाइटटेल' (फक्त व्हाइटटेल) असे वेगवेगळे टॅग असतात. वायोमिंगमध्ये टाइप ३ चा परवाना फक्त व्हाइटटेलसाठी असतो. कॅन्ससमध्ये बाहेरच्या माणसाला मिळतो तो मुळात व्हाइटटेलचा परवाना. म्यूल डिअर हवं असेल तर पश्चिमेकडच्या युनिटांसाठी (शिकारीच्या विभागांसाठी) वेगळा स्टॅम्प, म्हणजे जादा परवानगी, मागावी लागते आणि ती सोडतीत लागावी लागते. कोलोरॅडोत तर हरणाचा प्रत्येक परवाना आधी सोडतीतच निघतो. म्हणजे कुठलं हरीण, हा निर्णय अर्ज भरतानाच झालेला असतो. डोंगरावर पोचल्यावर ठरवू म्हणणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

माझ्या एका मित्राकडे 'एनी व्हाइटटेल' होता. पहाटेचं धुकं, घळीत झुडपांच्या आड एक तरुण नर, दिसत होतं फक्त डोकं आणि शिंगं. दोन्ही बाजूंना एकेक फाटा. आमच्याकडचा दीड वर्षाचा व्हाइटटेल अगदी असाच दिसतो. त्याने गोळी झाडली. खाली उतरलो तर शेपूट दोरीसारखी बारीक, पांढरी, टोकाला काळा गोंडा. म्यूल डिअर. तो तिथेच खाली बसला. मग स्वतःहून वॉर्डनला, म्हणजे शिकारीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन केला. वॉर्डन सभ्यपणे बोलला, पण दंड झाला आणि हरीण जप्त झालं. परतीच्या अठरा तासांत आम्ही फारसं बोललो नाही.

पूर्ण वाढलेल्या म्यूल डिअरच्या शिंगाला फाटा फुटतो आणि त्या फाट्याला पुन्हा फाटा. व्हाइटटेलच्या एका मुख्य दांड्यावरून टोकं वर निघतात. पुस्तकात हे सोपं वाटतं, पण कोवळ्या नरात शिंग दगा देतं. माझी सवय अशी: आधी शेपूट, मग कान, शिंगं शेवटी. व्हाइटटेलची शेपूट रुंद, वरून तपकिरी, आणि बिथरलं की पांढऱ्या निशाणासारखी उभी. म्यूल डिअरचे कान खेचरासारखे मोठे, आणि घाबरलं की चारही पाय एकदम उचलून टणाटण उड्या मारत जातं. शेपूट दिसली नाही तर मी बंदूक उचलतच नाही, मग अर्धा तास थांबावं लागलं तरी चालेल. "तेवढ्यात गेलं तर?" असं विचारणाऱ्याला माझं उत्तर एकच: जाऊ दे.

शिंगं बघून निवड करणं

फोटोतली रुंद शिंगं बघून लोक म्यूल डिअर निवडतात. निवड करावी जमीन आणि स्वतःचा स्वभाव बघून. पश्चिमेकडच्या मैदानी भागात व्हाइटटेल बहुतेक नदीकाठाला धरून राहतं, कॉटनवूडच्या झाडांच्या राईत, अल्फाल्फा (लसूणघास) आणि मक्याच्या शेतांजवळ. आणि अशी जमीन बहुधा खाजगी असते. कॅन्ससमध्ये तर जवळजवळ सगळीच खाजगी. तिथे शेतकऱ्याची परवानगी किंवा राज्याची वॉक-इन जमीन (राज्याने शिकाऱ्यांसाठी खुली केलेली खाजगी जमीन), याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. मोकळी सरकारी जमीन बघाल तर तिथे सेजब्रशच्या झुडपांच्या टेकड्या, खडकाळ कडे, आणि त्यात म्यूल डिअर.

एकाच जागी तासन्‌तास बसायला आवडतं आणि कुणाची परवानगी मिळू शकते? व्हाइटटेल घ्या. पाय चालतात, पण ओळख कुणाशीच नाही? म्यूल डिअर. दोन्ही चालणारा टॅग मिळाला तरी मी निघण्याआधी एकच ठरवतो. सकाळी नदीकाठ आणि दुपारी टेकड्या करणाऱ्यांना मी रिकाम्या हाताने परतताना पाहिलंय.

म्यूल डिअरसाठी झाडावर बसणं

ओहायोत आपण ठरलेल्या पायवाटेवर ट्रीस्टँड (झाडावरची बैठक) लावतो आणि हरीण येतं. तीच सवय उचलून पहिल्या वर्षी मी स्वतः कोलोरॅडोत तीन दिवस एका पाणवठ्यावर बसलो. चौथ्या दिवशी कंटाळून दुर्बीण घेऊन धारेवर चढलो, तर समोरच्या उतारावर सात म्यूल डिअर आरामात चरत होती. बहुधा तीन दिवस तिथेच असणार.

आता मी उजाडण्याआधी उंचावर पोचतो, दहा बाय बेचाळीसची (दहापट मोठं दाखवणारी) दुर्बीण ट्रायपॉडवर बसवतो आणि समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने वाचतो. हलणारं हरीण शोधत नाही. कान, पाठीची आडवी रेघ, ढुंगणावरचा पांढरा डाग शोधतो. दहाच्या सुमाराला ते सावलीत बसलं की जागा मनात पक्की करायची आणि मगच निघायचं. सकाळी वारा उताराने खाली येतो, ऊन तापलं की वर चढतो. तो फिरेपर्यंत दम धरायचा. नवख्यांना इथेच धीर निघत नाही. वीस मिनिटं दुर्बीण लावून "इथे काही नाही" म्हणतात आणि पिकअप काढतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. वायोमिंगच्या संघीय वाइल्डरनेसमध्ये (केंद्र सरकारच्या राखीव रानात) परराज्यातल्या माणसाला गाइड किंवा तिथल्या रहिवाशाच्या सोबतीशिवाय हरणाची शिकार करता येत नाही. नकाशावर सीमा आधीच बघा. समुद्रसपाटीजवळून थेट नऊ हजार फुटांवर जाऊन पहिल्याच सकाळी चढू नका. आणि एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे. वैध शिकार परवान्यामुळे त्यातून सूट मिळते. तेव्हा परवाना आधी, बंदूक नंतर, आणि बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाशी बोलणं.

शेवटचं मांसाबद्दल. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हा हरणांचा जीवघेणा मेंदूचा रोग, १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा म्यूल डिअरमध्येच दिसला, आणि आता दोन्ही जातींत आहे. अनेक राज्यं बाहेरून आणलेलं डोकं आणि पाठीचा कणा आत येऊ देत नाहीत. मी तिथेच हाडं सोडवतो, तपासणीसाठी लसिकाग्रंथींचा नमुना देतो, मांस बर्फात घालून घरी आणतो आणि फ्रीझरमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवतो. रिपोर्ट येईपर्यंत त्यातलं एक पुडकंही उघडत नाही, पाहुणे आले तरी.