जस्त-तांब्याचा घट जोडताना

जस्ताची पट्टी मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात बुडवली की थोड्याच वेळात तिच्यावर काळपट-तांबूस थर धरतो. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन द्रावणातल्या तांब्याच्या आयनांनी, म्हणजे विद्युतभारित अणूंनी, जागच्या जागी उचललेले असतात. अभिक्रिया होते, पण हाती येते ती नुसती उष्णता. वीज हवी तर देणारा आणि घेणारा वेगळ्या भांड्यांत बसवून इलेक्ट्रॉनांना तारेचीच वाट ठेवायची. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन डॅनिअलने १८३६ साली हेच साधले.

एका बीकरमध्ये २५ ग्रॅम मोरचूद, म्हणजे स्फटिकरूप कॉपर सल्फेट, आणि दुसऱ्यात २८.८ ग्रॅम स्फटिकरूप झिंक सल्फेट घ्या. दोन्ही विरघळल्यावर पाणी घालून आकारमान १०० मिलि करा. द्रावणे १ मोलर, म्हणजे लिटरमागे एक मोल क्षार असलेली, होतात. तांब्याची आणि जस्ताची पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासून, धुऊन आपापल्या द्रावणात उभ्या करा. पोटॅशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणात भिजवलेली फिल्टर पेपरची जाड घडी दोन्ही बीकरांत बुडेल अशी ठेवा. हा क्षारसेतू. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल तार तांब्याला, काळी जस्ताला लावा. २५ अंश सेल्सिअसला आकडा १.१ व्होल्टच्या आसपास यायला हवा.

जस्ताचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे ते इलेक्ट्रॉन गमावते, म्हणून ते अ‍ॅनोड. तांब्याच्या आयनांचे क्षपण होते, म्हणजे ते इलेक्ट्रॉन घेतात, म्हणून तांबे कॅथोड. अ‍ॅनोडला मराठीत धनाग्र म्हणतात आणि इथेच घोळ होतो, कारण या घटात जस्ताचे टोक ऋण असते. चिन्हापेक्षा ऑक्सिडीकरण कुठे होते ते पाहावे.

आकडा शून्य आला तर आधी सेतू तपासा. तो वाळला किंवा एका बाजूने वर राहिला की मंडल तुटते. जस्ताकडे वाढणारा धनभार आणि तांब्याकडे उरणारा ऋणभार सेतूतले आयनच फेडतात. आकडा ऋण दिसला तर तारा उलट लागल्या आहेत. द्रावण पातळ झाल्याने मात्र फारसे बिघडत नाही: मोरचुदाचे द्रावण दहापट पातळ केले तरी फक्त ०.०३ व्होल्ट कमी होतात.

मीटर १.१ दाखवतो, तरी एलईडी पेटत नाही, ही नेहमीची तक्रार. लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात, म्हणून दोन घट एकसरीत जोडा. तरीही मंदच पेटला तर दोष कागदी सेतूचा, त्याचा रोध मोठा असतो. सेतू रुंद आणि आखूड करा.

काम झाल्यावर पट्ट्या बाहेर काढून धुवा. मोरचूद जलचरांना विषारी आहे. उरलेले द्रावण मोरीत ओतू नका.